आजची बरी गोष्ट

सातारा,
ता. १७ जानेवारी १९६७

चि. मनू हिस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि तिळगुळाची पुडी शनिवारी, ऐन संक्रांतीला पोचली. चौदा महिन्यांनी अक्षर पाहिले. इकडे सर्व ठीक आहे. हे वाक्य सवयीने लिहून गेलो. पुन्हा वाचून पाहिले, अगदीच खोटे नाही, म्हणून खोडत नाही.

चैत्रात तुझे दिवस भरतील हे मी वाचून दाखवले तेव्हा तुझ्या आईने पत्र माझ्या हातातून घेतले. तिला वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. तरी दोन्ही बाजू पाहिल्या आणि देवळीत ठेवून दिले.

तू दोन प्रश्न विचारलेस. "पहिले बाळंतपण माहेरी करतात. मला माहेर आहे का, तेवढे कळवा," हा एक. "त्या दिवशी कोरेगावात तुम्हीही आंघोळ केलीत का," हा दुसरा. आणि खाली, सहज लिहिल्यासारखे, "नाना, हल्ली दिवस कसा घालवता?" आधी या शेवटच्याचे उत्तर देतो, कारण ते मला येते.

गेल्या उन्हाळ्यात माझी झोप गेली होती. इथल्या डॉक्टरांनी तपासले, काही सापडले नाही. म्हणाले, "मास्तर, गोळ्या देतो, पण त्यापेक्षा सवयी लावा. मोठे काही नको. अंगाला, जिभेला बरे वाटेल असे रोज एक तरी काही करा आणि लिहून ठेवा." डायरी तर मी वीस वर्षे लिहितोच. आता पानाच्या तळाशी एक ओळ वाढली आहे : आजची बरी गोष्ट.

सकाळी चार भिंतीच्या टेकडीपर्यंत चालत जातो. वर पोचल्यावर घाम वाऱ्याने सुकतो, ते बरे वाटते. परत येऊन चहा मी स्वतः करतो. आले ठेचून घालण्यापेक्षा किसून घातलेले चांगले, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. तुझ्या आईला सांगितले, तर म्हणाली, "येवढी वर्सं च्या आपोआप हुत हुता जनू." शेजारच्या बाळाबाई म्हणतात, "मास्तरांनी च्या केला की आमच्या भिताडाला कळतंय. पर कपभर म्हनून कवा भिताडातनं आला न्हाई." तेव्हापासून एक कप त्यांना देतो. चार वाजता भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, तोही बसून, एकेक दाणा. पूर्वी उभ्याने मूठभर तोंडात टाकून शिकवणीला पळायचो. रविवारी गाद्या उन्हात टाकतो. संध्याकाळी त्यांना उन्हाचा वास येतो. रविवारीच पेन धुऊन शाई भरतो. हे पत्र त्याच पेनाचे.

यातले खरे किती, हे मात्र मला सांगता येत नाही. गोष्ट बरी वाटते म्हणून लिहितो, की लिहायची आहे म्हणून वाटून घेतो? पुष्कळदा ओळ दुपारीच तयार असते. काहीच वाटत नाही असे नाही. मुंग्या आलेला पाय जसा आपलाच आहे हे माहीत असते, तसे काहीसे.

माहेराचे म्हणशील, तर आप्पासाहेबांशी बोलावे लागेल. ते थोरले भाऊ. शेती त्यांनी राखली, मला शिकवले ते त्यांच्या फौजेतल्या पगाराने. त्यांना न विचारता मी आजवर काही केलेले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे आणि या अंतर्देशीय पत्रात आता जागा उरलेली नाही.

तुझे
नाना


सातारा,
ता. २७ जानेवारी १९६७

चि. मनू हिस,

आशीर्वाद. या वेळी पाकीट आणले आहे, कागद पुरेसे आहेत.

तू लिहिलेस, "तुमच्या पत्रात आले आहे, शेंगदाणे आहेत, बाळाबाई आहेत. माझा नवरा कुठे नाही." मी पत्राची नक्कल ठेवतो. काढून पाहिली. खरे आहे. मी मुद्दाम टाळले असे मला आठवत नाही, आणि हेच जास्त वाईट.

ज्योतिबांना मी एकदाच पाहिले आहे, सांगलीला विश्रामबागेत, तुमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला. प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. मी प्यालो. ते बौद्ध आहेत हे तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी प्यालो असतो, असे मी डायरीत लिहिले आहे. पण ते वाक्य त्या दिवशीच्या पानावर नाही, तुझे लग्न कळल्यानंतरच्या पानावर आहे. छप्पन साली त्यांच्या समाजाने धर्म बदलला तेव्हा आमच्या शाळेतल्या सभेत मी त्यांच्या बाजूने बोललो होतो. टाळ्या पडल्या होत्या. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, पहिल्या रांगेत बसली होतीस. तू ते भाषण खरे धरलेस, ही तुझी चूक म्हणता येणार नाही.

आता त्या दिवसाचे.

रजिस्टर लग्न केल्याचे तुझे पत्र कोरेगावला आप्पासाहेबांच्या हातात पडले. त्यांनी निरोप पाठवून आम्हा दोघांना बोलावले. कार्तिक होता, थंडी होती. सकाळी मागल्या अंगणात, आडाजवळ सगळे जमले. आप्पासाहेब म्हणाले, "पोरगी गेली. तिच्या नावानं आंगुळ करायची आन् इषय मिटवायचा. फुडं या घरात तिचं नाव न्हाई." माणूस मेल्यावर करतात तशी आंघोळ. जिवंत माणसाची केली, की त्याला मेलेला धरतात. हे मी ऐकून होतो, पाहिले नव्हते.

तुझी आई माजघरात अंथरुणावर पडून राहिली. डोके दुखते म्हणाली. येसूवहिनी तिला उठवायला गेल्या. "ऊठ की गं. नको करूस तिच्या नावाची, पर रोजची तर कर. पारुसी किती येळ ऱ्हानार?"

ती म्हणाली, "आज पानी अंगावर घेतलं तर त्यात मोजतील. मी न्हाई घेनार."

आणि नाही घेतले. संध्याकाळी साताऱ्याला येईपर्यंत ती पारोशीच होती. जेवलीही नाही. तुझ्या आईची आंघोळ कधी चुकलेली तू पाहिली आहेस का? तापात सुद्धा?

अंगणात भाऊबंद पुष्कळ होते, पाठीमागे पाठ. कोणी काय केले ते नीट आठवत नाही. मी तिथे होतो. एवढे उत्तर पुरे होईल का?

तुझे
नाना


सातारा,
रविवार, ता. ५ फेब्रुवारी १९६७

चि. मनू हिस,

तुझे कार्ड आले. त्यात एकच ओळ होती : "नाना, पुरे होत नाही."

कार्ड उघडे असते. पोस्टमन वाचून देतो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

काल शाळा सुटल्यावर कोरेगावला गेलो. आप्पासाहेब ओसरीवर कंदिलाची काच पुसत होते. मी उभ्यानेच सांगितले, "मनूला बाळंतपणाला साताऱ्याला आणतो."

"कुनाला?"

"मनूला."

"त्या नावाचं कुनी न्हाई आमच्यात." काच उजेडाकडे धरून पाहत होते. "जिच्या नावानं न्हाऊन मोकळं झालो तिला परत दारात आनायचं नसतं, मास्तर. तुमी शिकल्याली मानसं. येवढं बी ठावं न्हाई?"

मी म्हणालो, "ती आंघोळ मी मनाविरुद्ध केली होती."

तेव्हा त्यांनी काच खाली ठेवली आणि हसले. रागाने नाही, खरोखर हसू आले म्हणून हसले. "मनाइरुद्ध? आवं, आमी आडाचं गार पानी डोस्क्यावर घेतलं, दातावर दात वाजत हुतं. आन् तुमी दगडावर बसून काय म्हनला, इसरला व्हय? 'वहिनी, जरा ऊन पानी घाला की त्यात.' ह्ये म्हनं मनाइरुद्ध! पाठ शेकून घेतली की रं तू, नाना."

मास्तर म्हणता म्हणता लहानपणासारखे 'नाना' म्हणाले.

मी विसरलो नव्हतो. विसरलो असे मला वाटत होते. या दोन्हींत फरक आहे की नाही, यावर एस.टी.त विचार करत आलो. घरी येऊन पासष्ट सालची डायरी काढली. त्या दिवसाचे पान जसेच्या तसे उतरतो :

"कोरेगाव. थंडी कडक. सकाळी आंघोळ. पाणी छान तापले होते, पाठ शेकून निघाली. संध्याकाळच्या गाडीने परत. नववीच्या वह्या तपासायच्या आहेत."

एवढेच. तुझे नाव नाही. मनू, मी आंघोळ केली. भीतीने केली, थोरल्यांच्या शब्दाखातर केली, असे म्हणता आले असते तर मी ते पहिल्याच पत्रात लिहिले असते. पण गरम पाणी मी मागून घेतले आणि ते मला बरे वाटले. तुला मेलेली धरताना माझ्या पाठीला बरे वाटले. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मी आजची बरी गोष्ट लिहून ठेवली होती.

मग मे महिन्यापासूनच्या सगळ्या ओळी चाळल्या. शेंगदाणे आहेत, उन्हातल्या गाद्या आहेत, चार भिंतीवरचा वारा आहे. आंघोळ एकदाही नाही. रोज करतो. पाणी रोज गरम असते. आज सकाळी मुद्दाम लक्ष देऊन पाहिले, तर गरम आहे एवढे कळले, पुढे काही नाही.

आप्पासाहेबांना मी म्हणालो, "आणतो ती माझ्या साताऱ्याच्या दारात."

"मंग ते दार आन् ह्ये दार येगळं."

"वेगळे."

त्यांनी काच उचलून कंदिलावर बसवली. येसूवहिनींनी चहा आणला आणि त्यांच्या एकट्याच्या समोर ठेवला. मी पायऱ्या उतरलो. चाळीस वर्षांचे तुटते तेव्हा काही तरी वाटेल अशी माझी समजूत होती. स्टँडवर भूक लागली, भजी खाल्ली. डायरीत तसेच लिहिले आहे.

घरी तुझ्या आईला सगळे सांगायला बसलो. ऊन पाण्यापाशी आलो आणि अडलो. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "आवं, मला ठावं हाय ते. माजघरात पडले हुते, कान काय काढून ठिवले हुते व्हय?"

"इतके दिवस बोलली नाहीस."

"काय बोलू? तुमी बोलाल म्हनून वाट बगत हुते." भाकरी तव्यावर टाकली. "मला सांगून काय उपेग? तिला लिवा. ऊन पान्याचं बी लिवा. मंग ती काय म्हनंल ती म्हनंल."

म्हणजे चौदा महिने ती हे जाणून होती, आणि चौदा महिने रोज सकाळी माझे पाणी तापवत होती. याचा अर्थ काय लावायचा, मला कळत नाही. तिला विचारायचे धाडस अजून झालेले नाही.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. माहेर आहे. पोवई नाक्याजवळच्या या दोन खोल्या, तेवढेच. कोरेगाव त्यात नाही. सुइणीचे बाळाबाईंनी पाहून ठेवले आहे. तिकडून कोण येणार, कोणाचे कोण, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग? बाळ काय निराळ्या वाटंनं येनार हाय?" ज्योतिबांनी हव्या त्या दिवशी यावे, राहावे, आमच्यात जेवावे. हे मी त्यांना स्वतः सांगणार आहे. तुझ्याकरवी निरोप देणे बरोबर नाही.

तुला माझ्यासोबत एका घरात राहवणार नाही, हे शक्य आहे. त्याचाही विचार केला. शाळेच्या बोर्डिंगात एक खोली रिकामी आहे. सुपरिंटेंडेंटना विचारले, ते हो म्हणाले. तू असशील तितके महिने मी तिथे राहीन, जेवणही तिथेच घेईन. माझ्या कारणाने तुझे आईकडे येणे राहू नये.

येत्या रविवारी, बारा तारखेला, आम्ही दोघे सकाळच्या गाडीने निघतो. निवडणुकीच्या कामाला आम्हा सर्व मास्तरांना लावले आहे, म्हणून मला त्याच दिवशी परतावे लागेल. सांगली स्टँडवरून टांग्याने विश्रामबागेत, म्हणजे बारा वाजेपर्यंत पोचू. येऊ नका, असे उलट टपाली कळवलेस तरी तुझी आई येणार आहे. तिने तसे सांगितले आहे, आणि तिला एकटीला प्रवासाची सवय नाही, म्हणून मलाही यावे लागेल.

पत्राच्या वर या वेळी आशीर्वाद लिहिलेला नाही. राहून गेलेला नाही.

तुझी आई पुढे असेल. तिला आत घे. मी दाराबाहेर थांबतो. तू बाहेर येऊन काय सांगशील ते ऐकेन. यायला वेळ लागला तरी चालेल.

नाना