आडवा सतरा

रविवार, ४ मे
ठक. ठक-ठक. डस्टरचा टेबलावरचा ठोका! आज रविवारचं शब्दकोडं उघडलं आणि कानात तोच वाजला. चौथीत मास्तर स्वतःची कविता फळ्यावर लिहीत, त्या ठोक्यावर आम्हां चाळीस पोरांकडून म्हणून घेत आणि शाळा सुटताना पुसून टाकत. "वहीत उतरवायची नाही. वही हरवते, डोकं हरवत नाही."

माझं हरवलं की! एकच कविता उरलीय, तीही अपुरी —

पुसले तरि ते जाते कोठे,
फळ्यावरी जे लिहिले काल?
खडूपांढऱ्या धुळीत शोधा,
दिसेल त्याचे … लाल.

चौसष्ट वर्षं तो शब्द शोधतोय. 'तोरण' घालून पाहिलं, 'अंगण' घालून पाहिलं. वृत्तात बसतात, मनात बसत नाहीत. आणि छापलेली कुठेच नाही. मी गेलो की संपलीच ती.

कोडं भलतंच अवघड. दुपारपर्यंत सातच शब्द. सूनबाई म्हणाली, "बाबा, चहाचं पार पाणी झालं. आता कोडंच प्या!"

सोमवार, ५ मे
उभा सतरा सुटला — पारवा. बाकी अंधार.

मंगळवार, ६ मे
पारव्याच्याच 'पा'पासून आडवा सतरा. तीन अक्षरं. सूचना आज प्रथमच नीट वाचली — 'खडूच्या धुळीत दिसणारे, लाल.'

पाऊल!

दिसेल त्याचे पाऊल लाल.

वर्गाच्या खिडकीत पारवे येऊन बसायचे. लाललाल पायांचे! पुसलेला शब्द त्यांच्यासारखा उडून गेलेला, आणि धुळीत हे एवढंसं पाऊल... मोठमोठ्यानं म्हणत सुटलो. सूनबाई लाटणं घेऊनच धावत आली. "कोण आलंय, बाबा?"

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून!

बुधवार, ७ मे
कोडेकाराचं नाव छापत नाहीत. पण ही ओळ ठाऊक असलेली डोकी चाळीसच. हा भोपळ्याच! माझ्या बाकावरचा. गणितात कायम शून्य, कविता मात्र एका दमात पाठ. वर्तमानपत्राच्या पत्त्यावर पत्र टाकलं — "लेका भोपळ्या, मास्तर जाऊन जमाना झाला. आता त्यांच्या कविता तुझ्यामाझ्यातच. मला एक येते, तुला किती? मरण्याआधी ये!"

रविवार, ११ मे
उत्तर नाही. कोडं सोडवलं नाही.

शुक्रवार, १६ मे
सकाळी दारावर काठी वाजली. ठक. ठक-ठक.

सूनबाईनं दार उघडलं. स्वतःच्या लेकीच्या खांद्यावर हात टेकून एक वाकलेले गृहस्थ. दुसऱ्या हातात काठी, खिशातून डोकावणारं माझं पत्र.

"भोपळ्या नाही आला," म्हणाले. "मी चालेन का?"

तेव्हा बावीस-तेवीसचेच असतील ते! हा हिशेब मी कधी केलाच नाही. चौथीतल्या पोराला मास्तर म्हणजे म्हातारेच.

मी ताडकन उभा. हाताची घडी.

'बस' नाही म्हणाले. म्हणाले, "म्हण."