धाकट्या जाऊची साक्ष

लासुर्णे, श्रावण १९९७

चि. सौ. शैला हिस,

आशीर्वाद मागनं देते, आधी ऐक. दोघी जावांचं दुखणं एकच हुतं. कंबरेतनं कळ यायची, मग पाय बधिर. चप्पल निसटली तरी कळायचं न्हाय. आपल्या घरच्या डॉक्टरांनी दोघींनाबी ‘कंबर लचकली’ म्हणून सुया टोचल्या. भावजींनी तुला दुसऱ्याच दिवशी पुण्याला नेलं. मणक्यात दबलेली नस मोकळी केली आणि तू चालायला लागलीस. मी मात्र डॉक्टरांना दरसाल राखी बांधणारी. भावावर अविश्वास कसा दाखवायचा, म्हणून थांबले आणि खाटेला खिळले. तू त्यांची कुणीच न्हवतीस, म्हणून वाचलीस.

आता ग्राहक मंचात भरपाईचा दावा लावलाय. वकील म्हणतात, “धाकट्या जाऊबाई साक्षीला येऊ द्या. वेळेत उपचार झाले असते तर तुम्हीही अशाच चालला असता, हे मंचाला दिसू द्या.”

तुला बोलवायलाच लिहायला बसले. पण हे पत्र काय मी टाकायची न्हाय. डोळे मिटले की तू मंचाच्या दारातनं येताना दिसतीस, आणि दर खेपेला मी तुला लंगडायला लावते. दावा बुडाला तरी बुडू दे.

तुझी थोरली जाऊ,
भागू