बाबांच्या रायफलीची काडतुसं

हार्लन,

मॉन्टानात एल्क हरणांच्या शिकारीचे दिवस आलेत. बाबांचे हात थरथरतात, म्हणून दरवर्षी त्यांची काडतुसं तू भरून देतोस. यंदा तू अलास्काहून येशील की नाही कळेना, तेव्हा गॅरेजमध्ये मीच बसले. बंदुकीची दारू कणभर कमीजास्त झाली की गोळी भलतीकडेच का जाते, या कोड्यानं मला झपाटलंच! शेवटी निशाणावर झाडून पाहिलेल्या तिन्ही गोळ्या जवळपास एकाच भोकातून गेल्या.

बाबांनी निशाणाचा कागद उजेडात धरला. "व्हर्ना, ही तू भरलीस?"

"हो."

"पोरी, हार्लनपेक्षा सरस!" मग हळूच म्हणाले, "त्याला मात्र कळवू नकोस हं. या निमित्तानं तरी घरी येतो तो."

म्हणून हे पत्र पाठवत नाही. लवकर ये.

तुझी बहीण,
व्हर्ना