आत वळवलेले बूट

सुमिएताई,
धाकटीचा वाकून नमस्कार. खिशाला परवडेल असं र्‍योकान शेवटी मिळालं. पुलापलीकडे एकटंच आहे, पण चटयांची खोली, गरम झऱ्याचं पाणी, दोन्ही वेळचं जेवण, आणि भाडं निम्मं. काळजी नको. आईचे गुडघे कसे आहेत?

आपली आई पाहुण्यांचे बूट दाराकडे तोंड करून ठेवते ना, निघताना सोपं पडावं म्हणून? इथल्या मालकीणबाई आत तोंड करून ठेवतात. मी रोज सकाळी फिरवते. न्याहारी करून येते तर पुन्हा आत. शेजारी आणखी पाच जोड तसेच आहेत, धुळीने भरलेले. खोल्या मात्र सगळ्या रिकाम्या. विचारलं तर म्हणाल्या, "घाई कसली, बाई? आमच्याकडे आलेलं माणूस रमतं."

बस सोमवारी आहे. मी निघेनच.

हे पत्र पोस्टमन दिसला की खिडकीतून देईन. मालकीणबाई म्हणतात, "ताईंनाही बोलवा की." आज त्यांनी माझ्या बुटांशेजारची जागा ओल्या फडक्याने पुसून ठेवली.

मी कितीही आग्रहाने बोलावलं, तरी येऊ नकोस.

तुझी,
चितोसे