पंचावन्न किलोच्या आत

धामणगाव बढे

प्रिय प्रेमानंद,

सप्रेम जय भीम. गुडघा कसा आहे असं फोनवर विचारलं की तू 'ठीक' म्हणतोस आणि आईला फोन द्यायला सांगतोस. म्हणून हे पत्र. कागदावर तरी मला मध्येच थांबवता येणार नाही तुला.

इकडे सोयाबीन निघालं. आई बरी आहे, अजूनही तुझ्या वाटची भाकरी टाकते आणि मग सकाळी मलाच शिळी खायला लावते. तुझी धाकटी बहीण धम्मशीला आता मंडळात कबड्डी खेळते. चढाईला जाताना डावा पाय आधी टाकते, अगदी तुझ्यासारखी. बघवत नाही मला.

रंगाच्या दोन डब्यांत सिमेंट भरून, मध्ये पाइप रोवून तू व्यायामाला उचलायचं वजन बनवलं होतंस, आठवतं? मंडळाच्या खोलीत भिंतीवर कोळशाने कोष्टकही लिहिलंस, सोमवारी बैठका, बुधवारी खांदे. मी हसलो. वजनं उचलून अंग जड होतं, कबड्डीला चपळ अंग लागतं, असं मंडळातल्या पोरांना शिकवताना वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो होतो. पण खरं कारण वेगळंच होतं. तू अठ्ठावन्न किलोचा झाला होतास आणि मला तू पंचावन्नच्या गटात हवा होतास, कारण तिथे तुला तोड नव्हती. मी भिंतीवर चुना फासला. स्पर्धेआधी चार दिवस तुझ्या ताटातली भाकरी या हातांनी उचलली, स्वेटर घालून तुला उन्हात पळवलं. आई ओरडली, "पोराले उपाशी ठेवून कोनता कप आनून राह्यले हो तुमी?" मी तिलाच गप्प केलं. काट्यावर तू चोपन्न किलो आठशे भरलास आणि मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच चढाईत तिघांनी तुला धरलं. तू वळलास, गुडघा वळला नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं, पोरगा पायांचा काही व्यायाम करतो का? अशा धडकेत सांध्याला मांडीची ताकदच सांभाळते म्हणाले, उपाशी अंग काय झेलणार? गावात मात्र मी सांगितलं, मैदान ओलं होतं, पोरगा घसरला. तू ते खोडून काढलं नाहीस. पोलीस भरतीचा तुझा फॉर्म अजून कपाटात आहे. तो पाहिला की मला माझीच लाज वाटते.

आज लिहायला बसलो ते धम्मशीलामुळे. मंगळवारी तिने आपणहून ताट सरकवलं. "बाबा, दोन दिवस पान्यावर राहीन, पन वजनात बसीन," म्हणाली आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिली. मी स्पर्धेतून तिचं नाव काढून घेतलं. तर फणकारली, "दादाले खेळवलं, मले काऊन नाही?" तेव्हा तिला सांगितलं की त्या दिवशी मैदान कोरडं होतं. तुझ्या ताटातल्या भाकरीचं आणि चुन्याखालच्या कोष्टकाचंही सांगितलं. रविवारी मंडळातही सगळ्यांसमोर सांगणार आहे. ती खूप रडली. मग ओलं फडकं घेऊन खोलीची भिंत घासत बसली. मीही घासली. चुना निघाला, पण त्याखाली तुझं एक अक्षरही उरलं नव्हतं. डबे आहेत, मी टाकले नव्हते. ते कोष्टक पुन्हा लिहून पाठवशील? मला नको लिहूस. तिच्या नावाने पाठव.

तुझाच,
बाबा