दुसऱ्याची वही उघडायची नाही

३ फेब्रु., मंगळ.
घाम फुटला आज. सर्व्हरवर जागा मोकळी करायची म्हणून चाचणीच्या खात्यानं आत शिरले, सहज एक पायरी वर गेले, तर चारही गुरुजींचे फोल्डर सताड उघडे! गंगाघाटावरच्या चार तीर्थपुरोहित घरांच्या वह्या, यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं, स्कॅन करून माझ्या भरवशावर ठेवलेली. कोणीही कोणाचं वाचू शकत होतं. वेबसाइटवर गुरुजींचे फोटो दिसावेत म्हणून मीच परवानगी मोकळी केली होती, तात्पुरती. त्या तात्पुरत्याला चार वर्षं झाली.

काम घेतलं तेव्हा वसंतगुरुजी म्हणाले होते, "ताई, आमच्यात एकच नियम. दुसऱ्याची वही उघडायची नाही." मी छातीठोकपणे सांगितलं, प्रत्येकाला वेगळी खोली. खोल्या दिल्या, भिंती घालायच्या राहिल्या. हे कळलं तर गंगेवर तोंड दाखवायची सोय नाही, आणि काम तर गेलंच.

४ फेब्रु.
अविनाशला सांगितलं. नवरोबांचा सल्ला: "कोणी ओरडलंय का? मग झाकली मूठ सव्वा लाखाची." म्हटलं, मूठ माझी नाही, त्यांची आहे. डबा घेऊन ऑफिसला गेला बिचारा.

दिवसभर भिंती. आता ज्यानं लॉग-इन केलं त्याला त्याचा फोल्डर म्हणजेच अख्खं मशीन. वर काही नाहीच. पहिल्या चाचणीत कनेक्शन लगेच तुटायला लागलं. दोन तास डोकं फोडलं. खोलीचा उंबरा, म्हणजे सगळ्यात वरचा फोल्डर, राहणाऱ्याच्या नावावर केला होता; तो सर्व्हरच्या मालकाच्याच नावावर लागतो. साधी गोष्ट, पण मूर्खपणा सांगतेय कोणाला.

५ फेब्रु.
तिघांचं झालं. ते फक्त फोटो चढवतात. चौथे दिगंबरकाका, कॉलेजच्या लॅबमधून रिटायर, ते काळ्या पडद्यावर कमांड मारून शेकडो फोटोंची नावं एकदम बदलतात. त्यांच्या खोलीत कमांडही नेऊन ठेवाव्या लागल्या, नवा संसार मांडून द्यावा तशा. माझ्या जुन्या लॉग-इनची खिडकी उघडी ठेवूनच लॉग-इनची सेवा रीस्टार्ट केली. एकदा स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंय, तेव्हापासूनचं शहाणपण.

मग कोण कुठे शिरलं त्याच्या जुन्या नोंदी चाळल्या. तिघांच्या स्वच्छ. हुश्श! आणि काकांच्या... महिन्यातून एकदा, न चुकता, वसंतगुरुजींच्या फोल्डरात. एकच पान. ११२.

दोघं सख्खे भाऊ, वसंतगुरुजी थोरले, काका धाकटे. वह्यांच्या वाटणीपासून बोलत नाहीत. मालेगावकडची गावं थोरल्याकडे, घोटीकडची धाकट्याकडे. यजमान पळवतायत की काय काका? पान मी उघडलं नाही. मोह झाला, खोटं कशाला बोलू.

७ फेब्रु., शनि.
काकांचाच फोन. "ताई, दादाचा फोल्डर दिसत नाही आता."
"काका, तो दिसायलाच नको होता!" चांगलीच भडकले मी.
मग म्हणाले, "अण्णांच्या, आमच्या वडिलांच्या, हातचं शेवटचं पान आहे ते. अमावास्येला गेले ते. दर महिन्याला त्या दिवशी तेवढं बघतो."
"मग एकदाच उतरवून का नाही घेतलं?"
"छे! ती चोरी झाली असती."
मी चोर पकडायला बसले होते. रडू आलं मला, फोन ठेवल्यावर.
ठेवण्याआधी त्यांनीच सांगितलं, "दादाला सांगा. मीच सांगायला हवं होतं."

९ फेब्रु., सोम.
इंदिरानगरहून गंगेवर जायला पाऊण तास, सगळे रस्ते सिंहस्थासाठी खोदलेले. वाटेत वाक्यं पाठ करत होते. वसंतगुरुजींसमोर बसल्यावर एकही आठवलं नाही. सरळ सांगून टाकलं, आधी माझं, मग काकांचं.

आवाज चढवला नाही त्यांनी. "कुठलं पान?"
नंबर सांगितला. लाल फडक्यातली वही सोडली, पान काढलं, सवयीनं मला दिसणार नाही असं धरलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.
"काही बदललं त्यानं?"
"एक अक्षर नाही. साठवलंसुद्धा नाही."
"म्हणजे नियम मोडतानाही पाळला गाढवानं." फडकं बांधताना गाठ दोनदा सुटली. मग माझ्याकडे वळून: "तुम्ही येऊन सांगितलंत. दुसऱ्याकडून कळलं असतं तर काम काढून घेतलं असतं."

सुटले! येताना खड्डेसुद्धा लागले नाहीत. घरी तीन वाट्या कढी प्याले. अविनाश म्हणाला, मूठ उघडली वाटतं.

११ फेब्रु.
उरलेल्या दोघांनाही माझी चूक फोनवर सांगितली. एकांनी दहा मिनिटं झाडलं, आणि शेवटी विचारलं, आमच्या मोबाइललाही अशी भिंत घालता का.

१४ फेब्रु., शनि.
वसंतगुरुजी: "दोन खोल्यांच्या मधे एखादी तिसरी खोली होते का हो? एका पानापुरती?"
"होते की! आत्ता करते. काकांना कळवू?"
"नको. त्याला मला विचारू दे. विचारलं की पान मी ठेवीन."
काकांना एवढंच म्हटलं, दादांना फोन करा. "आठ वर्षांनी काय बोलू?" "पान म्हणा." "बघतो," म्हणाले. त्यांचं बघतो म्हणजे कठीण.

१७ फेब्रु., मंगळ. अमावास्या
तिसरी खोली तीन दिवस रिकामी. आतून फक्त त्या दोघांनाच उघडते, तपासून झालं.
सकाळी ८.४० काका लॉग-इन. नवी खोली दिसली असणार, आत गेले. काही नाही तिथे. बाहेर पडले नाहीत.
९.०५ अजून आत. राहवेना, फोन लावला. बिझी.
वसंतगुरुजींना लावला. त्यांचाही बिझी.
योगायोगही असेल. चहा टाकलाय. पुन्हा लावत नाही.