काल तगी

अप्पा, मी गाडी घेतली. जुनीच, पण घेतली. आणि जे बोलायला जड जायलंय ते आधीच बोलून टाकते: ती गाडी मी न्हाई पसंत केली, तुझ्या मालकाच्या पोरीनं केली. छोट्या अक्कानं. तुला जाऊन वीस वर्षं उलटून गेली, तिचे केस पांढरे झाले, माझी पोरगी कॉलेजात जायलीय, तरी तिचं नाव निघालं की मी अजून तशीच धुमसते. हे कुणाला सांगायची सोय न्हाई. पंचेचाळिशीची बाई साठीकडं निघालेल्या बाईवर जळते म्हटलं तर लोक तोंडाला पदर लावून हसतील. म्हणून तुलाच लिहायलेय. गुलबर्ग्यात एका खाणावळीच्या मागं गाडी लावलीय, आतून रिकामे डबे यायला वेळ हाय, आणि स्टिअरिंगवर वही टेकून लिहायलेय.

आपण उदगीरकडच्या खेड्यातून कर्नाटकात, भालकीला आलो तवा मी सात वर्षांची होते. तू मालकाच्या डाळीच्या गिरणीवर ड्रायव्हर लागलास. घरात मराठी, शाळेत मराठी. कन्नड म्हणजे माझ्यासाठी नुसता बाजारातला गलका. मालकाच्या मनात आलं की पोरीनं मोटार शिकायची. ती सतरा-अठराची, कन्नड शाळेतली, दोन वेण्या, तोंडानं फटकळ. तरुण पोरगी आणि ड्रायव्हर अशी दोघंच माळावर कशी पाठवायची, म्हणून मागच्या सीटवर मला बसवायचे. दर रविवारी सकाळी कारखान्याच्या रस्त्याकडच्या माळावर ती पांढरी मोटार गचके खात फिरायची आणि मी मागं, सोबतीला म्हणून ठेवलेली. माझं डोकं काचेपर्यंत पोचत न्हवतं. मला दिसायचं काहीच न्हाई, नुसतं ऐकू यायचं. आणि काय ऐकू यायचं? तू ओरडायचास. घरात कधी आवाज न चढवणारा माझा बाप तिथं कन्नडात असा कडाडायचा की मी सीटला चिकटून बसायची. सगळ्यात जास्त वेळा एकच: “काल तगी! काल तगी!”

मला काल म्हणजे मराठीतला काल, एवढंच ठावं. मला वाटलं, हिनं काल काहीतरी मोठा घोळ घातलाय आणि अप्पा त्याच्यावरून बोलायलाय. चार-पाच रविवार तसेच गेले. शेवटी घरी तू जेवायला बसलास तवा मी विचारलं, “अप्पा, छोट्या अक्कानं काल काय केलं होतं?” तू म्हणालास, “काल? काल तर ती भेटलीबी न्हाई.” मी म्हटलं, “मग दर रविवारी तिला काल काल म्हणून कामून रागावतोस?” तुला एवढं हसू आलं की घास अडकला, आईनं पाठीवर थापट्या मारल्या. हसत हसत आईनंच सांगितलं, अगं येडे, कन्नडात काल म्हणजे पाय, तगी म्हणजे काढ. ती क्लचवरचा पाय काढतच न्हाई, म्हणून ओरडतो. मग तू गल्लीभर ते सांगत सुटलास. मालकाच्या घरीबी सांगितलंस. छोट्या अक्काला तर एवढं आवडलं की मी लांबून दिसले की ती हाक मारायची, “काय गं, काल काय झालं?” तवापासून ती माझ्या डोळ्यांत खुपते, खरं सांगते.

पण हसण्याचं मी विसरले असते. न विसरलेली गोष्ट दुसरीच हाय. एकदा तिनं मोटार गिरणीच्या फाटकाला घासली. तू मालकासमोर तिला असं झापलंस की ती रडत आत पळाली, आणि पुढच्या रविवारी नाक पुसून परत आली. मला वाटलं, मी असं काही केलं तर मलाबी असंच बोलशील. म्हणून मी काय केलं ते तुला ठाऊक हाय. एक टोकदार दगड घेतला आणि मागच्या दारावर वीतभर रेघ ओढली, तू बघत असताना. तू आलास, खांद्यावरच्या टॉवेलनं रेघ पुसून बघितलीस, मग माझा हात उलटासुलटा करून विचारलंस, “लागलं न्हाई न्हवं बोटाला?” बस, एवढंच. मी घरी जाऊन आईच्या कुशीत रडले आणि कामून रडायलेय ते आईलाबी सांगता आलं न्हाई. मी म्हणायची, अप्पा, मला कधी शिकवणार? तू म्हणायचास, “तुला कामून गं? मी हाय की. तू मागं बस निवांत.” हुमनाबादहून येताना माझ्यासाठी सीताफळं आणायचास, पिकलेली, फडक्यात गुंडाळून. तिला शिव्या, मला सीताफळं. मी तवाच अदलाबदल करायला तयार होते रे. कुणी विचारलंच न्हाई.

आता गाडी कामून घेतली ते सांगते. जोंधळ्याच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, हाच माझा धंदा. घरामागच्या पत्र्याच्या शेडात सात बाया थापतात, मी भाजते, वाळवते, बांधते. आजवर पेट्या एसटीवर टाकून पाठवायची. कधी कुणी वर पोतं ठेवलं की निम्म्या भाकरींचा चुरा, कधी पेटी उतरवायचीच राहून पुढं गेली. यंदा गुलबर्ग्याच्या तीन खाणावळींनी मिळून सांगितलं, रोज सकाळी माल दारात पायजे, अख्खा पायजे, एक तारखेपासून, न्हाईतर दुसरी बाई बघतो. रोजचे येऊन-जाऊन दोनशे किलोमीटर, वर आठवड्यातून दोनदा उदगीर. नवी गाडी परवडणारी न्हवती. आणि चुकीची जुनी घेतली असती तर महिन्याभरात रस्त्यात बसली असती, मग खाणावळीबी गेल्या असत्या आणि सात बायांच्या चुलीबी. ह्यांना गाडीतलं काही कळत न्हाई, मास्तर माणूस. हे म्हणाले, “छोट्या अक्काला ने की सोबत. अख्खी भालकी तिला नेते.” नेते म्हणे! तुझ्या माघारी भालकीत कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तिला नेतात, जसं आधी तुला न्यायचे. मी म्हटलं, मी ड्रायव्हरची पोरगी हाय, मला कुणाची गरज न्हाई.

तोऱ्यात एकटीच गेले. हुमनाबादला एक गाडी बघितली, लातूर पासिंगची, पांढरीशुभ्र, आत अत्तराचा वास, मीटरवर जेमतेम तीस हजार. मी भाळले रे. इसाराचे पैसे काढायला पर्समध्ये हात घातला आणि तो आतच राहिला. मला कळलं की मी गाडी बघतच न्हाई, नुसता रंग बघायलेय. बॉनेट उघडलं तर आत काय बघायचं ते ठाऊक न्हाई. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून लायसन काढलंय, पण तिथं गाडी चालवायला शिकवतात, ओळखायला न्हाई. बाप जन्मभर गाड्या ओळखत फिरला आणि मी त्याच्या मागच्या सीटवर सीताफळं खात बसले. त्या दिवशी तुझाबी राग आला.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून तिच्या दारात गेले. वाटलं, आता खवचट बोलंल. तिनं अर्धा चहा तसाच ठेवला, चप्पल घातली आणि कन्नडात म्हणाली, “नडी.” म्हणजे चल. हुमनाबादला त्या पांढऱ्या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलं न्हाई तिनं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून गुडघ्यावर बसली, साडीची पर्वा न करता, आणि खाली वाकून पेडलं बघितली. मग विक्रेत्याला विचारलं, “तीस हजार पळालेल्या गाडीच्या पेडलांचं रबर नवं कामून घातलंय हो?” तो इकडंतिकडं बघायला लागला. स्टिअरिंगचं कव्हर नखानं उचललं तर खालचं पार गुळगुळीत. “ही भाड्यानं पळाल्याली हाय, लाखाच्या वर. वर लातूरचं पासिंग, म्हणजे महाराष्ट्राची गाडी, इकडं कर्नाटकात कर वेगळा भरत बसशील,” ती मला म्हणाली. आणि मग ते वाक्य आलंच: “अण्णा म्हणायचे, मीटर नंतर बघायचं, आधी पायाखालचं रबर.” अण्णा म्हणजे तू. ती तुला अण्णा म्हणायची, अहो-जाहो करायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बापाचं वाक्य माझ्यासमोर ती मला ऐकवायली, आणि मी ते पहिल्यांदाच ऐकायले!

पुढची गाडी गुलबर्ग्याची. एका रिटायर बँकवाल्याची, डिझेल, मातकट रंगाची, बघितली की जीव बसावा अशी. मीटर सव्वा लाखाच्या पुढं. मी नाक मुरडलं. छोट्या अक्कानं चावी मागायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, आपण यायच्या आधी चालू करून गरम केली असली तर गार इंजिनाची कुरकूर लपते; ही गार हाय, म्हणजे माणूस लपवत न्हाई. पेडलांचं रबर झिजलेलं, पण मीटरला धरून. सर्व्हिसचे कागद एकाखाली एक लावलेले. मागची सीट दुमडून माझ्या पेट्या किती बसतील ते वितीनं मोजलं. “रोज दोनशे पळवायची तर डिझेलच. आणि दिसायला न्हाई, पळायला घे,” म्हणाली. बँकवाला कौतुकानं म्हणाला, “तुम्हाला बायकांना एवढं कसं काय कळतं?” आणि अप्पा, ती तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “माझ्या अप्पानं शिकवलं.” खोटं, साफ खोटं. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. पदर झटकला आणि टायर बघायला पलीकडं गेली. तिनं मला खोटं पाडलं न्हाई, त्याचाबी मला रागच आला.

सौदा करून गाडी घेऊन परत येताना ती मी चालवली, छोटी अक्का बाजूला. कमलापूरच्या पुढं रस्ता मोकळा लागला आणि मी जरा सैल झाले. बाहेर तुरीची रानं. ती तुझ्याच गोष्टी सांगायली होती, तू चढावर गिअर कसा टाकायचास, आणि मी दात आवळून व्हय व्हय करायले होते. आणि एकदम ती कडाडली: “काल तगी!”

तोच आवाज. त वर तसाच जोर, शेवटी तसाच झटका. माझा डावा पाय क्लचवरून उडाला, जणू कुणी ओढून काढला. मी गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली. ती बिचारी घाबरली. “रागावलीस का गं? तोंडातून निघून गेलं. अण्णांची सवय लागलीय मला.” मी न्हाई म्हणाले. पाणी प्यायचं निमित्त करून खाली उतरले आणि तुरीकडं तोंड करून उभी राहिले. अडतीस वर्षांमागं मागच्या सीटवर बसून जे ओरडणं दुसरीच्या वाट्याला जाताना ऐकलं होतं, ते पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं. तिच्या तोंडून का होईना. हेवा गेला असं समजू नकोस. उलट वाढला. तुझा आवाज तिनं ठेवलाय, माझ्याकडं नुसतं तुझं हसणं.

आता महिना होत आला. माल अख्खा पोचतो, खाणावळीवाले खूष हायत, गाडीनं एकदाबी दगा दिला न्हाई. हात पक्का बसेपर्यंत म्हणून छोटी अक्का दर गुरुवारी सोबत येते. डबे आलेत, उठते. हे पत्र आरसीच्या कागदांसोबत पुढच्या खणात ठेवीन, पाठवणार कुठं? फक्त एक सांगायचं राहिलं. माझा हात केव्हाच बसलाय. एकटी असले की पाय क्लचवर चुकूनसुद्धा राहत न्हाई. गुरुवारी ती बाजूला बसली की मुद्दाम ठेवते. क्लचची प्लेट झिजते, मला कळतं. पण ती ओरडेपर्यंत मी पाय काढत न्हाई.